अनोळखी गाण्याचा साऊंडचेक

ओळखीचं गाणं निम्मं लोकांच्या कानात आधीच वाजत असतं. ऑर्केस्ट्रात किशोरकुमारचं गाणं सुरू झालं आणि पहिल्या ओळीला माइकच लागला नाही, तरी कुणाचं काही अडत नाही. लोक ती ओळ स्वतःच म्हणतात. बेस जास्त झाला, गिटार मागे पडली, तरी ऐकणाऱ्याच्या मनातली मूळ रेकॉर्ड सगळ्या फटी बुजवते. नव्या गाण्याला ही सोय नसते. त्याचा शब्द पोचला नाही तर तो शब्द नव्हताच. सूर गढूळ झाला तर लोक म्हणतात, यांना गाताच येत नाही. लाइव्ह साऊंडच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. पुण्यात खरोखर वेगळं वाजवणारे जे बँड होऊन गेले, त्यांतले कितीतरी लोकांना धड ऐकूच आले नाहीत. ते आवडले की नावडले, हे ठरायची वेळसुद्धा आली नाही.

मी हे काम शिकलो नारायण पेठेतल्या एका मांडव-स्पीकरवाल्यांकडे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. गणपती, लग्नं, व्याख्यानमाला, शाळेची स्नेहसंमेलनं, निवडणुकीच्या सभा, असं सगळं असायचं. काकांचा एकच धडा होता: आधी माणसाचा आवाज, मग बाकीचं. व्याख्यानाला तो पुरतो. ऑर्केस्ट्रालाही बऱ्यापैकी पुरतो. पण कॉलेजातली मुलं ड्रमसेट, दोन गिटार, बेस आणि कीबोर्ड घेऊन स्टेजवर चढायला लागली, तेव्हा माणसाचा आवाज काढायचा कुठून, हा प्रश्न आमच्यापुढे पहिल्यांदा आला. मिक्सर सोळा चॅनलचा, त्यातले चार मेलेले. मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, दोन. आणि पोरं मागायची सहा.

पुण्याच्या बँडांचं मूळ कॉलेजांत आहे. इंजिनीअरिंगची होस्टेलं, सिंबायोसिस, फर्ग्युसन, आणि आपल्या मराठी मुलांसाठी फिरोदिया करंडक. ज्यांनी फिरोदिया पाहिला नसेल त्यांना सांगतो: एकाच सादरीकरणात नाटक, नाच, चित्र, शिल्प आणि संगीत हे सगळं जिवंत व्हायला लागतं, आणि संगीत मुलांनीच नव्याने केलेलं असतं. तिथे मी जे ऐकलं आहे ते मला कुठल्याही कॅसेटवर सापडलेलं नाही. पखवाजाच्या बोलावर बेस गिटारचा ठेका, भारुडाच्या मधोमध सिंथेसायझर, एका मुलीने नुसत्या स्टीलच्या पिंपावर धरलेला ताल. त्यातल्या चार-पाच जणांचं जमलं की पुढच्या वर्षी बँड होतो. परीक्षा, नोकरी आणि परदेश यांतून तो दोन-तीन वर्षं टिकतो. त्या अवधीत त्याला जे चार-सहा चांगले कार्यक्रम मिळतील, तेवढंच त्याचं आयुष्य.

एक बँड माझ्या मनातून जात नाही. नाव सांगत नाही, कारण त्यांतली सगळी आता आपापल्या नोकऱ्या-संसारात आहेत. गाणारी मुलगी, एक इलेक्ट्रिक गिटार, बेस, आणि ड्रमसेटच्या जागी हलगी. गाणी मराठी, त्यांनीच लिहिलेली. सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर एक गाणं होतं, रात्रपाळीहून परतणाऱ्या बापावर एक. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते एका संस्थेच्या वर्धापनदिनाला. उद्‌घाटन लांबलं, तीन पाहुणे बोलले, सत्कार झाले, आणि यांना सांगितलं गेलं की लाइन चेक करा आणि सुरू व्हा. लाइन चेक म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतोय एवढंच बघायचं. ऐकायचं काही नाही. हलगीवर माइक होता, कारण स्टेज-प्लॅनमध्ये ‘पर्कशन’ लिहिलेलं होतं आणि पर्कशनला माइक लावतात. दोन गाण्यांत लोक उठून चहाकडे निघाले. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, नुसता गोंगाट आहे.

पुढे तोच बँड एका छोट्या सभागृहात मला मिळाला. त्या संध्याकाळी दुसरं कुणी नव्हतं. दुपारी तीनला आम्ही आत गेलो आणि सातपर्यंत वेळ आमचा होता.

हलगीचा आवाज चामडं शेकून ताणल्यावर जो निघतो तो कडकडीत असतो, एकदम वरच्या पट्टीतला. मराठीतले स, श, च, त, क हे वर्ण कानाला ओळखू येतात तेही साधारण त्याच पट्ट्यात, दोन ते पाच हजार हर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे हलगीची प्रत्येक थाप गाणारीच्या व्यंजनांवर पडत होती. स्वर ऐकू येत होते, शब्द कापले जात होते. गिटारचा डिस्टॉर्शनही तिथेच गर्दी करत होता. आम्ही आधी हलगीचा माइक काढला. एवढ्या जागेत हलगीला माइक लागतच नाही. मग तिचा आवाज गाणारीच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून हलगीवाल्याला हलवला. गाण्याचा माइक समोरून ऐकतो, पाठीमागून सर्वांत कमी. त्याची पाठ प्रेक्षकांकडे असते. म्हणून हलगीवाला बसला स्टेजच्या पुढच्या कडेला, तिरका, गाणारीकडे तोंड करून. त्याला ते आधी पटेना. लोकांकडे पाठ करून कसं वाजवू, म्हणाला. पण बसल्यावर त्याला तिचे ओठ दिसायला लागले आणि थाप आपोआप शब्दाच्या मधल्या फटीत पडायला लागली. गिटारचा अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला, म्हणजे वाजवणाऱ्याला तो नीट ऐकू आला आणि त्यानेच आवाज कमी केला. बेस माइकशिवाय, सरळ वायरीने डीआय बॉक्समधून घेतला आणि त्या हॉलमध्ये जिथे घुमत होता, तिथला अडीचशेच्या आसपासचा पट्टा खाली ओढला.

रात्री टँकरच्या गाण्यात जिथे हसू यायला हवं, तिथे शेवटच्या रांगेतली माणसं हसली. बापाच्या गाण्याला कुणी हललं नाही. गाणी तीच होती, वाजवणारीही तीच.

त्या रात्रीचं मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पण हलगीला माइक नव्हता, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये हलगी जवळजवळ नाहीच. गाणारीच्या माइकमधून झिरपलेली लांबची टकटक तेवढी आहे. लोकांनी जे ऐकलं ते त्यात नाही, आणि ते पुन्हा ऐकवायला बँडही राहिलेला नाही.

याच्या उलट मुंबईचा अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट. सत्तरच्या दशकात मुंबईत गाजलेला रॉक बँड. त्यांची ‘ऑब्सेशन ७७’ ही रेकॉर्ड १९८१ साली बाजारात आली, तेव्हा त्यांचा काळ सरत आला होता. पण तबकडी निघाली, म्हणून तीस वर्षांनी, २०११ मध्ये, नाऊ-अगेन या अमेरिकन कंपनीने तिचं पुनर्प्रकाशन केलं आणि जगभरचे जुन्या रेकॉर्डींचे शौकीन त्यांना ओळखू लागले. उशिरा का होईना, हिशेब काही अंशी चुकता झाला. आपल्या पुण्यातल्या बहुतेकांच्या मागे अशी तबकडी नाही.

नंदू भेंडे यांचं काय म्हणायचं? रंगभूमीवरच्या आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा मुंबईच्या रॉक बँडांत गायचा. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडास केला. आणि मग १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने त्यांना ‘तीन पैशाचा तमाशा’त घेतलं. ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’वरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेलं, जब्बार पटेल यांनी बसवलेलं नाटक. संगीताला तीन माणसं: भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे. एकाच नाटकात नाट्यसंगीत, लावणीचा बाज आणि सरळसरळ पाश्चात्त्य पॉप-रॉक. नंदू भेंडेंनी त्यात कामही केलं. मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर कसा बसवायचा, जोडाक्षर कुठे तोडायचं नाही, दीर्घ स्वर कुठे ताणायचा, याचं उत्तर तिथे सापडलेलं होतं. पुढच्या मराठी मुलांनी ते तिथून उचलायला हवं होतं. आजही मराठीत रॉक म्हटलं की पोरं शून्यापासून सुरुवात करतात, आणि मला ते फार लागतं. २०१४ साली नंदू भेंडे गेले तेव्हा आमच्या धंद्यातल्या तरुण पोरांना मला ते कोण हे सांगावं लागलं.

काका त्या नाटकाचे प्रेक्षक होते. ते सांगायचे की इलेक्ट्रिक गिटार नाट्यगृहात एवढी स्पष्ट त्यांनी आधी कधी ऐकली नव्हती. मला त्याचं कारण उघड वाटतं. नाटकाच्या तालमी चालतात. त्यात वादक तालमीपासून असतात, नटांचा आवाज कुठवर जातो हे दिग्दर्शकाला पाठ असतं, आणि प्रेक्षक अंधारात, स्टेजकडे तोंड करून, गोष्टीच्या ओढीने बसलेला असतो. गाणं अनोळखी असलं तरी गोष्ट त्याला हात देते. थिएटर अ‍ॅकॅडमीच्याच मंडळींनी त्याआधी ‘घाशीराम कोतवाल’मध्येही हेच केलं होतं: माणसांच्याच रांगेची भिंत केली, तिला गायला लावलं. नव्या ध्वनीला पुण्यात सर्वांत चांगली जागा दिली ती नाटकवाल्यांनी. बँडला ती जागा क्वचित मिळाली.

लोकांच्या कानात आधीच काय आहे, यावर कुठल्या बँडचं काय होतं हे मी बघत आलो आहे. अग्नी हा पुण्याचाच बँड. मोहन कन्नन यांचा गळा, कौस्तुभ ढवळे म्हणजे कोको यांची गिटार. त्यांचं ‘एमटीव्ही रोडीज’चं शीर्षकगीत पोरांच्या घरात टीव्हीवरून येत राहिलं. मग ते स्टेजवर आले की पहिल्या स्वराला मैदान ओरडायचं. त्यांची योग्यता होतीच; टीव्हीने त्यांचा साऊंडचेक आधीच करून ठेवला होता. मुंबईचा अभंग रिपोस्ट ड्रम, बेस आणि गिटारवर संतांचे अभंग गातो. चाल, ठेका, आवेश सगळं नवं, पण शब्द आपल्या आजीच्या तोंडचे. एखादा शब्द ढोलात बुडाला तरी मराठी माणूस तो मनात भरून घेतो. मला त्यांचं काम मनापासून आवडतं, आणि त्यांना मिळतो आहे तो श्रोता अजून कितीतरी मोठा व्हायला हवा.

ज्यांच्याकडे ओळखीची चाल नाही आणि ओळखीचे शब्दही नाहीत, त्यांची वाट सर्वांत कठीण. पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज घ्या. सन्यांत नरोथ यांच्याभोवती जमलेली ही मंडळी. गिटारींच्या जोडीला बासरी, व्हायोलिन, आणि एकमेकांत मिसळणारे गळे. २०१७ साली त्यांचा ‘अ‍ॅज रिटन इन द स्टार्स’ हा अल्बम आला. मी तो घरी, रात्री, हेडफोनवर ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकला. त्या संगीतातली सगळी कारागिरी हळू आवाजात आहे. बासरी जिथे फुंकर होऊन संपते ती जागा ऐकू आली नाही तर गाण्याचं काय राहिलं? असं संगीत ज्या जागी बारच्या काउंटरवर ग्लास आपटतायत तिथे वाजवायला लागणं, हा त्या संगीतावर अन्याय आहे. बासरीचा माइक वर न्यावा तर शेजारच्या ड्रमच्या झांजा त्यात शिरतात. व्हायोलिन वर न्यावं तर शिट्टी मारायला लागतं. माझ्यासारख्या माणसाची खरी परीक्षा हेवी मेटलला नसते, इथे असते. पुण्याच्या रसिकांनी असा बँड डोक्यावर घ्यायला हवा होता. पुलंच्या या शहराला हळू आवाजातली गंमत कळते, यावर माझा विश्वास आहे.

आणि प्रभात बँडला कुणाचाच साऊंडचेक लागत नाही. सोलापूरकर घराण्याचा हा ब्रास बँड विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरून जातो तेव्हा क्लॅरिनेट आणि ट्रंपेट स्वतःच्या दमावर दोन्ही बाजूंच्या गच्च्यांपर्यंत पोचतात. मध्ये मिक्सर नाही, मी नाही. चाली लोकांच्या ओळखीच्या. दोन्ही गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी त्या सांभाळल्या आहेत. दरवर्षी मी काम नसेल तर तिथे उभा राहतो, नुसता ऐकायला.

आवाजाची जबाबदारी बँडने स्वतःच घेतली तर काय होतं, याचा अमेरिकेतला दाखला आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. ग्रेटफुल डेड या बँडने १९७४ साली शेकडो स्पीकरांची एक भिंतच उभी केली. ती वादकांच्या पाठीमागे असायची, म्हणजे लोक जे ऐकतात तेच वादकही ऐकणार. वेगळे मॉनिटर नाहीत. माइकसमोरच स्पीकर, मग फीडबॅकची शिट्टी का येत नाही? प्रत्येक गायकाला दोन माइक, उलट्या जोडणीचे. दोन्हींत सारखाच शिरणारा आवाज एकमेकाला खोडून टाकतो, आणि गायक ज्या एका माइकला तोंड लावतो तेवढाच गळा उरतो. ती भिंत वाहून न्यायचा खर्च इतका होता की त्याच वर्षी ती मोडावी लागली. पण त्या माणसांना एक गोष्ट कळली होती: आपलं संगीत रेडिओला नको असेल तर समोरच्या माणसाला ते नीट ऐकू येणं हेच आपलं भांडवल. त्यांचं गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहांत आलं ते १९८७ मध्ये. तोवर त्यांच्यामागे गावोगाव फिरणारा श्रोता तयार झाला होता, तो नुसत्या कार्यक्रमांवर.

पुण्यात तसं काही घडेल असं मला पहिल्यांदा वाटलं ते डिसेंबर २०१० मध्ये, कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर हा संगीतमहोत्सव सुरू झाला तेव्हा. एका मैदानात अनेक स्टेज, आणि नव्या बँडसाठीही नीट मांडलेले मॉनिटर, वेळेवर चालणारे कार्यक्रम, स्वतःची गाणी वाजवा ही अपेक्षा. कव्हर वाजवून टाळ्या घेणाऱ्या पोरांना त्या मैदानाने धीर दिला. मात्र तो वर्षातून एकदाच व्हायचा. उरलेल्या वर्षात पुण्याकडे एका टोकाला बालगंधर्वसारखी मोठी नाट्यगृहं आहेत, ज्यांच्या तारखा आणि भाडं नव्या बँडच्या आवाक्याबाहेर. दुसऱ्या टोकाला जेवणाच्या ताटांतली जागा. मधलं, दोनशे-तीनशे खुर्च्यांचं, फक्त ऐकायला येणाऱ्यांचं, महिन्याच्या महिन्याला त्याच बँडला बोलावणारं ठिकाण हवं आहे. सुदर्शन रंगमंचाने प्रायोगिक नाटकासाठी जे केलं, ते बँडसाठी कुणीतरी करायला हवं.

तोवर आहे त्या कार्यक्रमांतही बरंच करता येतं, आणि माझं आयोजकांशी भांडण तिथेच असतं. साऊंडचेकचा क्रम उलटा असतो: शेवटी वाजवणारा आधी चेक करतो, सर्वांत आधी वाजवणारा सर्वांत शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच राहते. कागदावर हे नव्या बँडच्या फायद्याचं आहे. प्रत्यक्षात मोठ्या पाहुण्या बँडचा चेक लांबतो, दारं उघडायची वेळ होते, आणि ज्याला सर्वांत जास्त वेळ हवा त्याच्या वाट्याला लाइन चेक येतो. वर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद. तो नियम योग्यच आहे; आजूबाजूला म्हातारी माणसं, लहान मुलं राहतात. पण उशीर झाला की भाषणं कापली जात नाहीत, गाणी कापली जातात.

आता मी काम घेतानाच दोन गोष्टी मागतो. नव्या बँडला पाऊण तास, दारं उघडायच्या आधी, बाकीच्यांचं काहीही होवो. आणि गाण्यांचे कागद दोन दिवस आधी. साऊंडचेकला माझ्याकडचा पोरगा ते कागद घेऊन शेवटच्या रांगेत बसतो. तो एकोणीस वर्षांचा आहे, आणि ही गाणी त्याने आधी कधीच ऐकलेली नसतात, म्हणूनच त्याला बसवतो. जो शब्द कळला नाही त्याखाली तो पेन्सिलीने रेघ मारतो. गाणं संपलं की कागद मिक्सरवर येतो. रेघा एकाच ठिकाणी दाटल्या असतील तर त्या वेळी कोण वाजवत होतं ते बघायचं, त्याला थोडं मागे घ्यायचं, आणि पुन्हा तेच कडवं. कधी दोष माझ्या मिक्सिंगचा निघतो, कधी चालीचा. एका गाणाऱ्या मुलाने तर रेघा बघून कडव्याची चालच तिथल्या तिथे बदलली, आणि ती आधीपेक्षा चांगली झाली.

पुढच्या आठवड्यात भरत नाट्य मंदिरात एक कार्यक्रम आहे. एक मुलगी सिंथेसायझरवर, एक दिमडीवर, दोघं गाणारे. सहा गाण्यांचे कागद काल व्हॉट्सअ‍ॅपवर आले, ते मी प्रिंट काढून घेतले आहेत. चौथ्या गाण्यात दिमडी आणि ‘च’चे शब्द एकाच वेळी येतात, तिथे अडेल असं दिसतंय, म्हणून त्यांच्या तालमीला उद्या संध्याकाळी कात्रजला जाऊन येणार आहे. आयोजकांनी अर्धा तास देऊ केला आहे. मी तासभर मागितला आहे, आणि तो ठरल्याशिवाय पैशाचं बोलणार नाही असं त्यांना कळवलं आहे.